कल्याणच्या पुढचे शंकेखोर

१९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेने वातानुकूलित लोकलच्या आणखी दहा फेऱ्या सुरू केल्या आणि एकूण आकडा ५६ वरून ६६ वर नेला. नुसती बातमी वाचली तर तिच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात या गाड्यांच्या सुट्या तिकिटाचे दर निम्म्यावर आले होते, प्रतिसाद वाढत होता. मेख वेगळ्याच ठिकाणी होती. या दहा फेऱ्या जादा नव्हत्या, साध्या गाड्या काढून त्यांच्या वेळेला त्या लावल्या होत्या. आधी कळव्याला आणि मग बदलापूरला प्रवाशांचा पारा चढला. बदलापुरात संध्याकाळी घरी परतणारी गर्दी तशीच स्टेशनमास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. २५ ऑगस्टला दहाही फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. आकडा पुन्हा ५६.

एका नव्या यंत्राची आनंदवार्ता प्रवाशांनी आठवड्याच्या आत परत पाठवली, असं महाराष्ट्रात फार वेळा घडत नाही. मुंबईतल्या काही शहाण्यांनी तेव्हा ‘यांना सुधारणा नकोच असते’ असा शेराही मारला. कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना ओळखणारा माणूस असं म्हणणार नाही. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याएवढी यंत्रं अंगाखांद्यावर खेळवलेली गावं ठाणे जिल्ह्यात मोजकीच सापडतील. इथल्या लोकांना यंत्राची भीती नाही. ते फक्त बातमीचा शेवटचा परिच्छेद आधी वाचतात: पैसे कुणाचे, गाडी कुणाची, आणि आपल्या वाट्याला काय? या सवयीला इतिहास आहे, आणि तो रुळांइतकाच जुना आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली. १८५६ साली रूळ पळसदरीपर्यंत गेले आणि उल्हास नदीच्या काठाकाठाने, बदलापूरच्या शिवारातून इंजिन धावू लागलं. मराठी वाचकाला हा प्रकार समजावून सांगण्याची निकड इतकी, की कृष्णशास्त्री भाटवडेकरांचं ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’ १८५४ मध्येच छापून आलं. म्हणजे कल्याणला गाडी आली त्याच वर्षी तिची माहिती देणारं पुस्तकही आलं. आता पुस्तक आलं म्हणून सगळ्यांनी ते हातात घेतलं असं नाही. छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून छापील कागदाला शिवायलाच कचरणारी मंडळी तेव्हा होती. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून छपाई केली, ती त्यांच्याचसाठी. तंत्रज्ञानाची बातमी राहो बाजूला, बातमी ज्यावर छापायची त्या तंत्रावरच आधी शंका!

आगगाडीच्या वाट्याला तर भयंकर वदंता आली. पुलाच्या पायात माणसं पुरतात, रुळांखाली पोरं गाडतात, त्याशिवाय हे लोखंड पळेल कसं? ही वदंता खोटी होती. पण पळसदरीच्या पुढे घाटात काय चाललं होतं तेही पाहायला हवं. भोर घाटाचं काम १८५६ ते १८६३ असं चाललं. २५ बोगदे, कातळाचे कडे, आणि १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर. पटकी, ताप, सुरुंग, दरडी यांनी हजारो माणसं गेली. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत दंगल झाली आणि फॅव्हिएल या कंत्राटदाराचं काम सुटलं. त्याच्यानंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी आजाराने मेला, आणि पुढचं काम त्याची बायको अ‍ॅलिस हिच्या नावावर पुरं झालं. गावोगावच्या बायाबापड्यांना नरबळीचा तपशील चुकीचा कळला होता. घाटात माणसं खर्ची पडताहेत, एवढं मात्र त्यांना बरोबर कळलं होतं, आणि उद्घाटनाच्या भाषणांत नेमकं तेवढंच नव्हतं.

पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक मिळेल त्या गाडीने मुंबई सोडू लागले आणि सरकारने कल्याण स्टेशनात उतारूंची तपासणी सुरू केली. बगला, जांघा चाचपून पाहायच्या, ताप वाटला तर बाजूला काढायचं, कपडालत्ता निर्जंतुक करायचा. ज्या गाडीमुळे मुंबई जवळ आली तिच्यातूनच मुंबईचा रोगही येतो, हे कल्याणकराला फलाटावर उभं राहून दिसत होतं. गांधीजींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज्या’त रेल्वेमुळे प्लेग पसरला, दुष्काळ वाढले असं लिहिलं, तेव्हा शिकलेल्या बऱ्याच लोकांना ते टोकाचं वाटलं. कल्याणच्या फलाटावर रांगेत उभं राहिलेल्याला त्यातला निदान पहिला अर्धा भाग पटला असता. त्याने प्रवास मात्र सोडला नसता. गांधीजींनीही तिसऱ्या वर्गाचा डबा सोडला नाहीच.

या शंकेखोरपणाला बसायला जागा मिळाली ती वाचनालयात. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, म्हणजे आगगाडीहून दहाच वर्षांनी धाकटं. पुढे लोकसंख्या वाढली, कचेऱ्या मुंबईत आणि घरं कल्याणच्या पुढे अशी फारकत झाली, आणि वाचनालय डब्यातच आलं. कर्जत किंवा बदलापूर लोकलमधलं पेपरवाचन ही एक स्वतंत्र रीत होती. सात-आठ जणांचा गट, त्यात पेपर एकच. पहिलं पान खिडकीवाल्याकडे, खेळाचं पान उभ्या असलेल्या तरुणाकडे, अग्रलेखाचं पान गटातल्या सर्वांत ज्येष्ठाकडे. चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकून बसलेल्या माणसाला पेपर उघडता येत नाही, म्हणून तो चार घड्या घालून एकेक रकाना वाचतो. ठाणं येईस्तोवर पानांची अदलाबदल होते आणि घाटकोपरपर्यंत बातमीचा निकाल लागतो. जलद मार्ग, नवे डबे, नवी सिग्नल यंत्रणा यांच्या बातम्या या गटांनी वर्षानुवर्षं ऐकल्या, त्याही बहुधा बंद पडलेल्या सिग्नलपाशी थांबलेल्या गाडीत. अशा ठिकाणी बसून बातमी वाचली की भाविकपणा टिकत नाही.

पण हीच माणसं दसऱ्याच्या आधीच्या दिवशी आपल्या डब्याला झेंडूच्या माळा घालतात, खांबांना आंब्याची पानं बांधतात, आरती करून पेढे वाटतात. संशय आहे तो रेल्वेच्या कारभारावर. गाडीवर कधीच नव्हता.

डब्यातून उतरून अंबरनाथच्या बाजूला वळलं की दुसरी गोष्ट सुरू होते. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ साली स्थापन झाली आणि अंबरनाथला गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खत बनू लागलं; हा धंदा देशात नव्यानेच उभा राहत होता. पाठोपाठ आगपेट्या आल्या. १९२२ मध्ये परदेशी काडेपेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया जकात बसली. इथल्या कारखानदारीला आधार मिळाला, हा तिचा व्यवहारी परिणाम. स्वीडिश मॅच कंपनीने जकातीची भिंत ओलांडण्याऐवजी भिंतीच्या आतच घर बांधलं आणि विमको, म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, अंबरनाथला उभी केली. काडी इथली, कामगार इथला, नफा स्टॉकहोमचा. ही काडेपेटी स्वदेशी म्हणायची का, हा प्रश्न इतका पेटला की टॅरिफ बोर्डाला या धंद्याची चौकशी करावी लागली; तिचा अहवाल १९२८ मध्ये आला. ‘देशात तयार झालेलं’ या शब्दांवर विश्वास ठेवायच्या आधी मालक कोण ते विचारावं, हा धडा अंबरनाथला स्वातंत्र्याच्या वीस वर्षं आधी मिळाला. विमको नाका आजही रिक्षावाल्याला सांगितला की कळतो.

तोच धडा उल्हासनगरने उलटा गिरवला. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींत आलेले सुमारे लाखभर सिंधी निर्वासित, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते झालेलं नामकरण, हे सर्वांना माहीत आहे. घरदार, दुकानं, शेती सिंधमध्ये टाकून आलेल्या माणसांनी पापड लाटण्यापासून सुरुवात केली आणि दोन पिढ्यांत परदेशी ब्रँडचा माल हुबेहूब बनवणारा बाजार उभा केला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रभर गेला. त्या विनोदात हेटाळणी होती, पण टीकाही होती, आणि ती फक्त उल्हासनगरवर नव्हती. परदेशी शिक्का दिसला की दुप्पट पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईकावर ती जास्त होती. ज्या गावात शिक्का कसा छापतात ते रोज दिसतं, तिथे शिक्क्याची बातमी कोण गंभीरपणे वाचणार?

एवढं सगळं बनवण्याची किंमत मोजली वालधुनीने. काकोळेच्या डोंगरातून निघणारी ही लहानशी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरातून वाहते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहारांच्या काळातला. नऊशे वर्षं त्या पाण्यावर मंदिर उभं होतं. नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत पाण्याला कधी हिरवा, कधी लाल रंग चढला आणि उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या बाजूला जीन्स धुण्याचे कारखाने आल्यावर निळाही. नव्या फॅशनचा कोणता रंग चालू आहे हे नाल्यावरच्या पुलावर उभं राहून सांगता येईल, असं लोक म्हणत. नोव्हेंबर २०१४ मध्ये रात्रीच्या अंधारात कुणीतरी टँकरमधलं रसायन या पाण्यात सोडलं आणि उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वास लागून रुग्णालयात न्यावं लागलं. पुढे हरित लवादात आणि सर्वोच्च न्यायालयात प्रकरणं चालली, कोट्यवधींच्या दंडाचे आदेश निघाले, जीन्सचे कारखाने बंद झाले. त्यांतले कामगार हातावर पोट असलेले होते. प्रदूषण गेलं या बातमीला ‘कारखाना कुठे गेला?’ असं विचारणारे लोक इथे होते, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. धंदा एका नदीवरून उठला की बहुधा दुसऱ्या नदीवर जाऊन बसतो.

बदलापूरची शंका जरा वेगळ्या मातीतली. हे गाव मुख्यतः नोकरदारांचं. बँक, विमा, मंत्रालय, टपाल खातं. त्यांच्यापर्यंत नवं यंत्र आलं ते टेबलावर. संगणक आला तर कारकुनाचं काय, हा प्रश्न १९६० च्या दशकापासून धुमसत होता. बँकांमध्ये १९८३ च्या करारात संगणकांना परवानगी मिळाली ती मोजूनमापून, किती आणि कुठे ते ठरवून. १९९३ च्या करारात दार आणखी उघडलं. त्या वेळच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात संगणकाची बाजू घेणारे आणि तो नको म्हणणारे दोघेही सापडतात. विरोधकांची आज टिंगल होते. सामान्य समज असा की ते हरले आणि चुकले. ते हरले हे खरं. पण नवीन कारकुनांची भरती आटेल आणि पुढच्या पिढीला कंत्राटी कामावर राबावं लागेल, हे जे ते म्हणत होते, ते बदलापूरच्या आजच्या सकाळच्या गाडीत उभं राहून खोटं म्हणता येणार नाही. गंमत अशी की तेव्हा संगणकाविरुद्ध घोषणा दिलेल्या घरांतलीच मुलं पुढे संगणकावर नोकरीला लागली, आणि २०१४ च्या अखेरीस मोबाइलवरून लोकलचं तिकीट निघू लागलं तेव्हा रांगेला कंटाळलेल्या आईवडिलांना ते शिकवायलाही तीच पुढे आली.

पावसाच्या बाबतीत तर बदलापूरकर कुणावरच विश्वास ठेवत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहराचे हे दोन आकडे. मग साठ-सत्तर किलोमीटर दूर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बदलापूरने मुंबईच्या अंदाजावर का विसंबावं? उल्हासच्या पुराने ते गाव त्या वेळी धुऊन काढलं होतं. कुलाब्याला डॉप्लर रडार २०१० मध्ये आलं, वेरावलीला दुसरं २०२२ मध्ये. मधल्या काळात, २७ जुलै २०१९ ला, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजाराच्या वर उतारू होते. नौदल, हेलिकॉप्टर, एनडीआरएफच्या होड्या आल्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनीही माणसं बाहेर काढली. या शहरातल्या हौशी मंडळींनी स्वतःची पर्जन्यमापकं घराच्या गच्चीवर बसवली आहेत, त्यांचे आकडे वर्तमानपत्रं छापतात. जुलैमध्ये नदीकाठच्या सोसायटीतला माणूस सकाळी उठून अंदाज विचारत नाही, उल्हासची पातळी विचारतो: साडेसोळा मीटरला इशारा, साडेसतराला धोका. शंकेचा इतका उपयोगी वापर दुसरा नाही. नुसतं ‘हे खोटं’ म्हणून थांबायचं नाही, स्वतः मोजायचं.

हे सगळं कौतुकाचं. आता दुसरी बाजू.

छापील बातमीला दहा प्रश्न विचारणारा हाच वाचक हातातल्या मोबाइलवर आलेल्या निरोपाला एकही प्रश्न विचारत नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही वार्ता टेलिफोनवरून एका दिवसात देशभर गेली आणि या पट्ट्यातल्या देवळांसमोरही रांगा लागल्या. केशाकर्षण म्हणजे काय हे शाळेत शिकलेले लोक त्या रांगांत होते. त्यात कुणाचं नुकसान झालं नाही, थोडं दूध वाया गेलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मात्र मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. नंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. रुळांखाली पोरं गाडतात या अफवेला कल्याणहून पुण्याला पोचायला १८५४ मध्ये बरेच दिवस लागले असतील. अफवा तीच, मुलांच्याच नावाची, वेग बदलला. डब्यातल्या गटात एखादी बातमी वाचली जायची तेव्हा समोर खोडून काढणारा एक तरी असायचा, आणि तो रोज त्याच सीटवर भेटायचा. मोबाइलच्या गटात खोडून काढणाऱ्याला लोक गटातून काढतात. पेपरवाचनाची रीत मोडली त्यात हे मोठं नुकसान झालं, आणि ते कुणी मोजलेलं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराने बदलापूर पेटलं. २० तारखेला लोकांनी कित्येक तास रेल्वे रोखून धरली. शाळेतल्या कॅमेऱ्यांचं काही दिवसांचं चित्रण नसल्याचं समोर आलं. लगोलग राज्यभरच्या शाळांना कॅमेरे बसवण्याचा आदेश निघाला, आणि शहरातली इंटरनेट सेवा काही काळ बंद झाली. म्हणजे एका यंत्रावर सगळी भिस्त टाकायची आणि दुसरं बंद करायचं, असे दोन निर्णय एकाच वेळी. कॅमेऱ्याचं चित्रण कोण पाहतं, किती दिवस ठेवतं, ते नसलं तर जबाबदार कोण, हे पालकांनी विचारलं. ते प्रश्न तंत्रज्ञानाचे नव्हते, आणि म्हणूनच ते बरोबर होते.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चौघे त्याच दिवशी गेले. त्यांतली एक गाडी कर्जतची होती. आपोआप मिटणारी दारं साध्या लोकललाही बसवू, ही घोषणा त्याच दिवशी झाली. दारं मिटल्यावर श्वास कसा घ्यायचा हा प्रश्न डब्यांतून उठला, तेव्हा दारांना झडपा, छतावर हवा खेळती ठेवणारी यंत्रं आणि डब्याडब्यांत जोडवाट असा आराखडा पुढे आला. मूळ प्रश्न राहिला. लटकणारा हौसेने लटकत नाही. आत जागा नसते. कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका, अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्थानक, यांच्या बातम्या याच प्रवाशांनी वर्षानुवर्षं वाचल्या आहेत. दार मिटण्याच्या बातमीहून रूळ वाढण्याची बातमी ते अधिक बारकाईने वाचतात, तारखेसकट.

या पट्ट्याचा यंत्रांचा इतिहास सध्या सापडतो तो बहुतेक उद्घाटनाच्या बातम्यांत, कंपन्यांच्या स्मरणिकांत आणि रेल्वेच्या अहवालांत. हरकती घेणाऱ्यांचा इतिहास विखुरला आहे: ‘लोकमानस’ आणि ‘बहुतांची अंतरे’ या वाचकपत्रांच्या सदरांतली कात्रणं, प्रवासी संघटनांची निवेदनं, फलाटावर वाटलेली पत्रकं, युनियनच्या सभांची इतिवृत्तं, एखाद्याने वीस वर्षं लिहिलेली पावसाची वही. दुर्मीळ मराठी नियतकालिकं जपणारं ग्रंथसखा वाचनालय बदलापुरातच आहे, कल्याणचं वाचनालय दीडशे वर्षं उलटून उभं आहे. ज्यांच्या घरी असे कागद माळ्यावर पडून असतील त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी एकदा यांपैकी कुठेतरी विचारावं, आणि देताना मागे तारीख आणि गाडीची वेळ तेवढी लिहून द्यावी.